'बाय'च्या पुढे कोण?

आमच्या परळच्या शाळेत इंग्रजी आणि नागरिकशास्त्र या दोन्ही विषयांना एकच बाई होत्या. आम्हा मुलींना इंग्रजी आठवीत पहिल्यांदा भेटलं, त्यामुळे नववीतही त्या भाषेशी आमची तोंडओळखच होती. माझं तर एक ठरलेलं दुखणं: कर्मणी प्रयोग करताना क्रियापदाला चिकटलेलं 'ऑन' किंवा 'ॲट' मी हमखास गाळायची. बाई ते लाल शाईने परत घालायच्या, कधी वैतागल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर वही भिरकावली असती.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हा शाळा काही दिवस बंद होती. माझा काका डोक्याला टाके घालून घरी आला. शाळा उघडली त्या दिवशी मी दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. इतके दिवस माझ्या शेजारी बसणारीचे वडील पोलीस शिपाई होते, नायगावच्या पोलीस लाईनीत राहायची ती. माझं बघून सगळ्या वर्गानेच तिच्याशी बोलणं टाकलं. मला तर मोठा गड जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी वह्या ठेवायला शिक्षकांच्या खोलीत गेले, तर ती बाईंना सांगत होती, "आई म्हणते, शाळा पुरे. सोमवारपासून नाही येणार." इंग्रजीत वर्गात पहिली येणारी मुलगी ती. बाई एवढंच म्हणाल्या, "आजचे दोन तास बस. मग ठरव."

त्या तासाला बाईंनी कर्मणी प्रयोगासाठी मनाने वाक्यं सांगायला लावली. मी उठले आणि तिच्याकडे रोखून बघत म्हटलं, "द पोलीस फायर्ड ऑन द पीपल." पोलिसांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. बाईंनी वाक्य शांतपणे फळ्यावर लिहिलं. "आता कर्मणी कोण करणार?"

एकच हात वर झाला, तिचा. "द पीपल वेअर फायर्ड ऑन बाय द पोलीस." अगदी 'ऑन'सकट. पण ती खाली बसली नाही. "बाई, अजून एक. माय फादर वॉज ऑर्डर्ड." याही वाक्यात चूक नव्हती.

"बाय हूम?" बाईंनी विचारलं. "हुकूम कोणाकडून?"

"ते बाबा सांगत नाहीत. चार दिवस धड जेवले नव्हते."

घंटा झाली, नागरिकशास्त्राचा तास सुरू झाला, तरी बाईंनी फळा पुसला नाही. 'बाय'च्या पुढे कोण, ते आम्हाला शोधायला लावलं. शिपायाला अधिकाऱ्याचा हुकूम, त्याला वरच्याचा, असं करत आम्ही मंत्र्यांपर्यंत पोचलो. "आणि मंत्र्यांना कोणी बसवलं?" पुढून कोणीतरी हळूच म्हणालं, "मतदारांनी." मागच्या निवडणुकीत माझ्या आईने बोटाची शाई चाळभर मिरवली होती. माझी मान खाली गेली. त्या दिवसांत, भर परळमध्ये, हे विचारायला छाती लागायची, आणि बाईंना ती होती. त्या मुलीची तर मला आजही त्याहून मोठी वाटते.

रविवारभर मला अन्न गेलं नाही. सोमवारी लवकर जाऊन जुन्या बाकावर बसले. घंटेला ती दारात दिसली, मला बघून थबकली आणि शेजारी येऊन बसली. माफी मागायला तोंड उघडलं तर मला रडूच फुटलं.

तिने माझी वही ओढून घेतली, पान उलटलं आणि म्हणाली, "इथे बघ, परत 'ऑन' गाळलंयस."