अडीच फुटांची बांधी

फिशटँक मी निव्वळ हौसेनं घेतला होता. राईस मिलच्या ऑफिसात दिवसभर धूळ खाल्ल्यावर संध्याकाळी डोळ्यांना काहीतरी ओलं, हिरवं दिसावं, एवढीच अपेक्षा. माशांचं मला फारसं कौतुक नव्हतं. चार-पाच सोडले होते ते पाणी ओकंबोकं वाटू नये म्हणून. खरी आवड झाडांची. मागच्या बाजूला लांब पात्यांचं एक पाणगवत रांगेत लावलं होतं. गोंदियाचा दुकानदार त्याला व्हॅलिस्नेरिया म्हणायचा. घरी येणारा जो तो मात्र विचारायचा, ‘पाण्यात धान लावला का?’ त्यांचं चुकत नव्हतं. दुरून ते नुकतीच रोवणी झालेल्या बांधीसारखंच दिसायचं. आमच्याकडे भातखाचराला बांधी म्हणतात आणि भातलावणीला रोवणी.

बाबांना लकवा मारला त्या वर्षी गावाकडची रोवणी जेमतेम आटोपली होती. शेती ठेक्यानं दिली आणि त्यांना दवनीवाड्याहून मुर्रीला, माझ्या घरी आणलं. माय सोबत आली. बाबांचं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. डावा हात तेवढा चालायचा. मन कशात तरी गुंतवा, असं डॉक्टर म्हणाले. सांगायला काय जातं? टीव्ही लावला की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. शेवटी पंख्याखाली जागा हवी म्हणून खाट फिशटँकसमोर सरकवली, आणि त्या दिवसापासून ते तासन्‌तास काचेकडे बघायला लागले. नजर माशांवर नसायची, पात्यांवर असायची.

श्रावणात पाती पिवळी पडायला लागली. मी दुर्लक्ष केलं असतं, पण बाबा जेवेनासे झाले. घास पुढे केला की ओठ मिटायचे आणि डावी मूठ भरून हवेत फेकायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा फेकायचे. मला वाटलं, चिडले.

‘खत टाक म्हणून राहिले,’ माय म्हणाली. ‘धान पिवळा पडला, दिसत नाही का तुले?’

तेव्हा उजेड पडला. बाबा त्या काचेत त्यांची बांधी बघत होते. पण बांधीत टाकतात तो युरिया इथे टाकला असता तर मासे तासाभरात पोट वर करून तरंगले असते. म्हणून मी फुकटातला उपाय केला. आमच्या मिलच्या मागे धानाच्या तुसाच्या राखेचे ढीग पडलेले असायचे. राख भिजवली, गाळली आणि ते पाणी टँकमध्ये ओतलं. आठवड्यात काचेवर चहाच्या रंगाच्या शेवाळाचा थर चढला. आतलं धान दिसेनासं झालं. बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते समजायला वाचेची गरज नव्हती.

मग सायबर कॅफेत बसून खताची कृती शोधली आणि कृषी केंद्रात गेलो. दुकानदारानं विचारलं, ‘कितने एकड़ में डालना है?’

‘ढाई फुट में.’

तो हसला नाही. वेडी गिऱ्हाइकं त्यानं बरीच पाहिली असावीत.

पाणी उकळून गार केलं. एका बाटलीत पोटॅशियम नायट्रेट, थोडं फॉस्फेटचं खत आणि मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलं. दुसऱ्या बाटलीत लोह आणि बाकीची सूक्ष्म द्रव्यं. दोन्ही एकत्र केलं की तळाशी गाळ बसतो, हे अर्थातच मी आधी एकत्र करून मग शिकलो. खोकल्याच्या औषधाचं झाकण माप म्हणून घेतलं. मी ऑफिसला जाताना घाईघाईत ओतून निघायचो, तर माय म्हणाली, ‘त्याइच्या समोर टाक. पाहू दे.’ मग खाटेजवळ उभं राहून, झाकण दाखवून टाकायला लागलो. बाबा मान हलवायचे आणि घास घ्यायचे. नवी पाती हिरवीगार निघाली. मी स्वतःवर खूष होतो.

दसरा गेला तसं सगळं पुन्हा बिघडलं. टँक इतका सुंदर कधी दिसला नव्हता आणि बाबांनी पुन्हा ओठ मिटले. डावा हात नुसता चादर चुरगाळायचा. मला एकच उपाय ठाऊक होता. मी एकाचं दीड झाकण केलं. पाती आणखी काळपट हिरवी झाली आणि बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दिवाळीचा फराळ तसाच राहिला. मी मायवर ओरडलो, तुमच्या हट्टापायी मी मरमर करतो, तरी यांचं समाधान नाही.

मायनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, ‘लोकायच्या बांध्या पिवळ्या झाल्या. अन् तू काऊन खत टाकून राहिला रे अजून? धान पिकाले नोको का? त्याइले वाटून राहिलं का साल गेलं. नुसता पाला वाढला अन् धान पोचट निघते.’

मला हसू येईना आणि रडूही येईना. मी दोन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. गवत लगेच ऐकतं थोडंच! पण हळूहळू पाती फिकी झाली, मग टोकांकडून पिवळी पडत आली. बाबांनी तोंड काचेकडे वळवलं. पेज घेतली, मग भातही घेतला. जिवापाड वाढवलेलं हिरवं मी मुद्दाम मरू देत होतो आणि घरात बरं वाटत होतं.

एका सकाळी बाबा डावा हात सारखा स्वतःकडे ओढायला लागले. कापायचा इशारा होता तो, आता मलाही कळत होतं. कापणीआधी बांधीतलं पाणी काढतात, म्हणून पाइप लावून पाणी काढलं. मासे बादलीत गेले. कात्री घेऊन एका कडेनं कापत गेलो. एक मूठ अर्धवट सुटली तर खाटेवरून घशातला आवाज आला. मी मागे वळून ती कापली. कापलेल्या पात्यांच्या जुड्या मायनं टॉवेलवर ओळीनं मांडल्या आणि टॉवेल बाबांच्या खाटेवर ठेवला.

बाबांनी जुड्यांवरून हात फिरवला. मग एक जुडी वेगळी केली आणि माझ्यापुढे धरली.

मी मायकडे पाहिलं.

‘घे,’ ती म्हणाली. ‘कापणाऱ्याची मजुरी हाय.’

आमच्या बांधीत कापणाऱ्यांना धानच देत असत. घरच्या पोराला कोणी मजुरी देत नाही. बाबांनी मला ओळखलं नव्हतं. बहुधा इतके महिने ओळखतच नव्हते. तरी मी दोन्ही हात पुढे केले. बाबांनी जुडी माझ्या हातात ठेवली, मी केलेल्या कामाकडे एकदा नीट पाहिलं, आणि वरून आणखी एक मूठ घातली.