फ्लश करू नकोस

नागावला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत, आणि तिन्हींचे संडास मी स्वतः घासते. त्यामुळे अकरा वर्षांची माझी लेक जाऊन आल्यावर आमच्या घरच्या संडासाच्या भांड्यात पांढरा फेस दिसायला लागला, तेव्हा मी नवऱ्यावरच खेकसले, "लिक्विड ओतून तसंच सोडता, पाणी मारायला काय हात दुखतात?" बिचारा शपथेवर सांगत होता, बाटलीला हातसुद्धा लावलेला नाही म्हणून.

तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाली पसरली होती, ती मी उन्हाच्या नावावर खपवली. पोर दिवसभर समुद्रावर, दुसरं काय होणार! मग एका सकाळी तिचे डोळे सुजून बारीक झाले, घोट्यांवर मोज्यांचे खोल वळ उठले. अलिबागच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. प्रोटीन जातंय, फेस त्याचाच, रक्तही जातंय, वर ब्लडप्रेशर वाढलेलं. अहो, या वयात ब्लडप्रेशर? "मुंबईला न्या, उद्याच," ते म्हणाले.

मुंबईत पाठीतून सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. ल्युपस निघाला. आजारांशी लढणारी तिच्या शरीरातली फौज तिच्याच किडनीच्या चाळण्यांवर उलटली होती. मुलांमध्ये तो जोरात येतो, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण वेळेवर औषध सुरू झालं तर किडनी वाचवता येते. मग रिपोर्टवर बोट ठेवून, "किडनीचा त्रास क्लास फोरचा आहे." लेक पटकन म्हणाली, "मी सहावीत आणि किडनी चौथीत?" त्या हसल्या. मला मेलं हसू येईना. नाही वाचली तर काय, हे विचारायची हिंमतच झाली नाही. निघताना त्या म्हणाल्या, "हा परत डोकं वर काढू शकतो. फेसावर लक्ष ठेवा."

घरी ऊन बंद, कारण उन्हाने हा आजार भडकतो, मीठ कमी, सुकट-पापड बंद, आणि गोळ्या मूठभर. फाटकापलीकडे समुद्र, आणि पोर पडवीत बसून. स्टिरॉइडने तोंड गरगरीत झालं, तर शेजारणी म्हणायच्या, "तब्येत सुधारली हो!" एकेकीला विहिरीत ढकलावंसं वाटायचं.

आणि रोज सकाळी माझा हुकूम, "फ्लश करू नकोस!" मी वाकून फेस बघायची. कमी झाला तरी बघायची. रिपोर्ट चांगले यायला लागले, गोळ्या कमी झाल्या, तरी बघायची. तेराव्या वर्षी ती उखडली. "शी, आई! माझी शू आहे ती, तुझी नाही!" दाराला कडी, आणि आतून खळाळून पाणी. बरोबरच होतं तिचं. मी बाहेर चहा ढवळत उभी राहायची, कान दाराकडे. पाणी सोडल्याचा आवाज आला की राग यायचा आणि जीव भांड्यात पडायचा, दोन्ही एकदम.

गेल्या आठवड्यात अशीच कडी लागली. मी चहा ढवळत राहिले. पाण्याचा आवाज आलाच नाही. मग कडी निघाली, दार किलकिलं झालं.

"आई," ती म्हणाली, "जरा येतेस? बघायला."