शेड उभी राहिली तो गुरुवार

नेव्हिल प्रॉक्टर आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. जन्मभर त्याने दुधाचा टँकर चालवला. आमच्या कोरंबरा गावाच्या आसपासच्या प्रत्येक गोठ्यातल्या कुत्र्याला तो नावाने ओळखतो. निवृत्त झाल्यावर त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, घरामागच्या मोकळ्या जागेत एक भलीमोठी शेड बांधायची. दोन गाड्या मावतील, जुना ट्रॅक्टर खोलून ठेवता येईल आणि भिंतीला लागून कामाचा लांबलचक ओटा असेल, अशी.

"विमान ठेवणार आहेस की काय रे?" माझा नवरा टोनी त्याला विचारायचा.

"तू आधी तुझी मोडकी करवत परत घेऊन जा, मग विमानाचं बघू," नेव्हिल म्हणायचा.

या शेडचं खरं डोकं होतं लिंडसेचं. लिंडसे म्हणजे नेव्हिलच्या बायकोचा, लॉरेनचा, थोरला भाऊ. गावातली निम्मी घरं त्याने बांधलेली. नेव्हिलचं घरही त्याचंच. लग्न झालं तेव्हा नेव्हिलला धड खिळा ठोकता येत नव्हता, तेही लिंडसेनेच शिकवलं. पण अलीकडे त्याला कंपवाताने गाठलं होतं. उजवा हात सारखा हलायचा आणि चालताना पाय मध्येच जमिनीला खिळल्यासारखे थांबायचे. तरी शेडची जागा त्यानेच ठरवली. कुठल्या बाजूने वारा येतो ते बघून दार कुठे ठेवायचं तेही त्यानेच सांगितलं. खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या, त्या दोघांनी मिळूनच.

मग काँक्रीटचा ट्रक आला. ओलं काँक्रीट पसरत होतं, सगळे घाईत होते. लिंडसे थापी घेऊन कडेने सारखं करायला उतरला आणि मध्येच त्याचे पाय थिजले. तो गुडघ्यांवर पडला, थेट त्या चिखलात. त्याला उचलायला दोघं धावले.

"काय आजोबा, पुतळा होऊन इथंच उभं राहायचंय का?" ट्रकवाला हसत ओरडला.

सगळे हसले. लिंडसेही हसला. फक्त नेव्हिल हसला नाही. टोनी तिथंच होता, तो म्हणाला, नेव्हिलचे कान लालबुंद झाले होते, जणू तोच पडला होता. त्या कोपऱ्यात गुडघ्यांच्या खुणा राहिल्या होत्या. लिंडसेला घरी सोडून आल्यावर नेव्हिलने एकट्याने त्या पुसून सपाट केल्या.

पुढचं मोठं काम म्हणजे लोखंडी सांगाडा उभा करणं. खांब, छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी कैच्या, वरच्या आडव्या पट्ट्या. त्याला पाचसहा जण लागतात. आमच्याकडे अशी कामं शनिवारी होतात. सगळे येतात, काम होतं, मग सॉसेज भाजून बिअर पितात. नेव्हिल मात्र घरोघरी जाऊन म्हणाला, "गुरुवारी या."

"गुरुवारी कशाला? लोकांना कामधंदे आहेत," टोनी म्हणाला.

"शनिवारी वारा आहे म्हणतात."

"आणि लिंडसे?"

"त्याला बरं नाही रे," नेव्हिल बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. "तोच म्हणाला, माझ्याशिवाय उरका."

टोनीने सुट्टी काढली. शेजारधर्म.

गुरुवारी सकाळी लॉरेन भावाला घेऊन मेलबर्नला मोठ्या डॉक्टरांकडे निघाली. तिची गाडी वळणाआड गेली आणि थोड्याच वेळात नेव्हिलच्या दारात माणसं जमली. काम झकास चाललं होतं. खांब उभे राहिले, पहिली कैची चढली. मी चहा घेऊन गेले तेव्हा नेव्हिल शिडीच्या टोकावर होता आणि शीळ वाजवत होता.

दुपारी लॉरेनची गाडी फाटकाशी येऊन थांबली. डॉक्टर स्वतःच आजारी पडले होते, निरोप वाटेतच मिळाला म्हणून ती अर्ध्यावरून परतली होती. लिंडसे खाली उतरला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, केस नीट विंचरलेले. त्याने वर बघितलं. शिडीवर माणसं, दोरीला लटकलेली कैची, आणि सगळ्यांत वर नेव्हिल. त्याची शीळ तोंडातच विरली.

टोनीला काहीच ठाऊक नव्हतं. तो वरून मोठ्याने म्हणाला, "अरे लिंडसे! बरं वाटतंय का आता? नेव्हिल म्हणाला, तुला बरं नाही, म्हणून तूच सांगितलंस की माझ्याशिवाय उरका!"

मी लॉरेनकडे बघितलं. तिचा हात गाडीच्या दारावर तसाच राहिला होता. लिंडसे नेव्हिलकडे बघत राहिला. रागाने नाही. एखादी ओळखीची वस्तू आपली नव्हेच असं कळल्यावर माणूस जसा बघतो, तसा.

"हो," तो शेवटी म्हणाला. "बरं नव्हतं मला."

मग तो सॉसेज भाजायच्या शेगडीशी गेला, चिमटा उचलला आणि सगळ्यांसाठी सॉसेज परतायला लागला. हात इतका हलत होता की चिमटा तव्यावर टकटक वाजत होता. एक सॉसेज गवतात पडलं. त्याने वाकून उचललं आणि कुत्र्याला दिलं. कुणी हसलं नाही. वरची माणसं खाली बघेनात. नेव्हिल शिडीवरून उतरलाच नाही. घट्ट बसलेला तोच एक बोल्ट तो पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात काय झालं ते लॉरेनने मला नंतर सांगितलं.

"फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तारीख बघून ठरवलंस ना?" तिने विचारलं. "मी त्याला घेऊन जाणार, म्हणजे तुला मैदान मोकळं."

"अगं, शिडीवरून पडला असता तर? तुझ्याच भावाच्या भल्यासाठी..."

"मग तोंडावर सांगायचंस. तो पडेल याची भीती नव्हती तुला, नेव्हिल. तो पडताना लोक बघतील याची होती."

नेव्हिलने ताटातलं तसंच ठेवलं आणि बाहेर जाऊन उभ्या सांगाड्याखाली बसून राहिला.

शेड पुरी झाली. पत्रे चढले, दिवे लागले, ओटा झाला. येणारा जाणारा म्हणायचा, "काय शेड बांधलीस रे!" आणि नेव्हिल मान खाली घालायचा. ट्रॅक्टर आत आणून ठेवला, पण त्याचा एक स्क्रूही त्याने काढला नाही. लिंडसेचं घर दोनच गल्ल्या पलीकडे, तरी पाव आणायला नेव्हिल लांबच्या रस्त्याने जायचा.

शेवटी एकदा तो लिंडसेकडे गेला. लिंडसे परसात कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"त्या शिडीचं असं झालं की..." नेव्हिलने सुरुवात केली.

"शिडीचं नाव काढू नकोस," लिंडसे म्हणाला. "मी शिडीवर चढणार नव्हतोच. खाली उभा राहून दोरी धरली असती. तीही जमली नसती तर नुसता उभा राहिलो असतो."

"चुकलं माझं."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? कोंबड्यांना पाणी घालायचंय अजून."

नेव्हिल तसाच परत आला. पण त्याला चैन पडेना. पुढच्या शनिवारी त्याने मदतीला आलेल्या सगळ्यांना शेडमध्ये चहाला बोलावलं आणि सरळ उभं राहून सांगितलं, "त्या गुरुवारी लिंडसेला काही झालं नव्हतं. तो काहीच म्हणाला नव्हता. मला त्याच्या हाताची लाज वाटली, म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं." टोनी घरी येऊन म्हणाला, "बोलला ते बरं झालं." मलाही तसंच वाटलं.

लिंडसेला तसं वाटलं नाही. गोष्ट त्याच्या कानावर गेली, आणि एका सकाळी तो पहिल्यांदाच शेडच्या दारात येऊन उभा राहिला. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. आवाज इतका चढलेला की सगळं ऐकू आलं.

"गावजेवण घालून सांगायची काय गरज होती? आता दुकानात गेलो की सगळे आधी माझ्या हाताकडे बघतात! तुझं मन हलकं झालं असेल. माझं काय?"

"मला वाटलं, खरं सांगितलं तर..."

"तुला वाटलं! त्या दिवशीही तुलाच काहीतरी वाटलं होतं. मला विचारलंस कधी?"

मग नेव्हिलचा आवाज आला, "आता विचारतो. काय करू?"

"त्या ट्रॅक्टरला हात लाव आधी. गंजतोय नुसता," लिंडसे म्हणाला. "आणि मला बसायला काहीतरी दे. पाय दुखतायत."

तेव्हापासून लिंडसे येतो. रोज नाही, मनात येईल तेव्हा. दोघं तासन्तास ट्रॅक्टरशी खटपट करतात आणि फार थोडं बोलतात. लॉरेन म्हणते, पूर्वीसारखं काही झालेलं नाही. लिंडसेच्या हातून पाना सुटला की नेव्हिल अजूनही चटकन दुसरीकडे बघतो. लिंडसेला ते दिसतं, आणि त्याला दिसलं हे नेव्हिललाही कळतं. मग नेव्हिल मुद्दाम मान वळवून परत त्याच्याकडे बघतो, आणि कान लाल होईपर्यंत बघत राहतो.