त्यांनी न मागितलेलं ताक

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसत आलेय. शाळेत गणित शिकवते, अमावास्येला खुशाल केस धुते... तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

आम्ही तीन पिढ्यांचे म्हैसूरकर. सध्या शहराबाहेर हूटगळ्ळीला नव्या घरात राहतो. दोन वर्षांपूर्वी यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं – तोंडातूनच, लेझरने. मानेवर ओरखडासुद्धा नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "बाहेरून काही कळतच नाही हो!" कसं कळणार? आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. पाणी प्यायले की ते श्वासनळीत जायचं, म्हणून प्रत्येक पातळ पदार्थ पावडर घालून खळीसारखा घट्ट करायचा. हनुवटी खाली, गिळा, खोका, परत गिळा... एका जेवणाला तास लागे. चारचौघांत जेवणं यांनी सोडूनच दिलं. वाचले, पण हे असे.

एका रविवारी दुपारी एक वाजता मी स्वयंपाकघरात होते. सरगूरची नणंद फोनवर, स्पीकर चालू. बाहेरच्या खोलीतून हाक आली – "अगं, ताक आण!" यांचा पूर्वीचा, खणखणीत आवाज! आमच्यात ताकभात झाल्याशिवाय पानावरून कुणी उठत नाही. तीस वर्षं मी ही हाक रोज ऐकलेली.

"अय्यो देवरे!" नणंद ओरडलीच. "दादा बोलला की गं वहिनी! दे की त्याला, बेग बेग, लवकर दे!"

रडत-हसत मी भांडं भरलं, यांच्या हातात दिलं आणि फोन आणायला परत आत धावले – बहीणभावांना बोलू दे म्हणून. पावडर घालायची राहिली. माझ्या हातचं म्हणजे घट्टच असणार, या विश्वासाने यांनी मोठा घोट घेतला.

मग ठसका, काळेनिळे ओठ, न्यूमोनिया, बारा दिवस आयसीयू. आता नाकात नळी आहे. तोंडाने पुन्हा काही देता येईल, ही आशा डॉक्टरांनीही सोडलीय.

घरी आल्यावर हे कुजबुजले, "मी हाक मारलीच नव्हती. तेवढा आवाज आहे का मला?"

टीव्ही बंद होता. शेजारचा प्लॉट रिकामा. यांच्या आवाजाचं जुनं रेकॉर्डिंग घरात एकही नाही. नणंद आजही देवाशपथ सांगते की तिने ऐकलं. दोघींना एकाच क्षणी एकच भास होतो का?

यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. काल फक्त विचारलं, "कसा होता गं तो आवाज? मला आठवतच नाही."