तणसाचा किल्ला

मी लढायांच्या कादंबऱ्या लिहिते. इतिहासातल्या लढाया नाहीत. राज्य, डोंगर, नद्या, फौजा, सगळं मनातलं. गोंदियात कुणाला हे सांगितलं की लगेच विचारलं जातं, यातून शिकायला काय मिळतं? मी खरं सांगते, फार काही नाही.

लहानपण नवेगाव बांध या गावी गेलं. वडील जंगलाच्या कामावर जायचे आणि सुट्टीच्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर बसून पलीकडचा काठ बघत राहायची. तिकडून एखादी फौज आली तर ती एवढं पाणी कशी ओलांडेल? घोडे पोहतील की डोंग्यांत चढवावे लागतील? मैत्रिणींना विचारलं तर त्या म्हणायच्या, इथं कायले येईल फौज? तो प्रश्नही मला आवडायचा. फौज कशासाठी येईल, याचं उत्तर शोधता शोधताच माझी पहिली गोष्ट तयार झाली.

लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आले. सासरी धानाची शेती, आणि नवऱ्याचं गोंदियाच्या बाजारात पंखे-कुलरचं दुकान. दुपारी नवरा जेवायला गेला की मी दुकानात बसायची आणि मोबाईलवर लिहायची. गिऱ्हाईक हिंदीत कुलरच्या पंपाचा भाव विचारायचं, तेव्हा माझा सेनापती नदीच्या मधोमध अडकलेला असायचा. भाव सांगून मी परत त्याच्याकडे वळायची.

पहिली कादंबरी मी नागपूरच्या एका प्रकाशकांकडे नेली. त्यांनी विचारलं, कोणत्या राजाची आहे? मी म्हटलं, कोणत्याच नाही. एखाद्या खऱ्या राजाचं नाव घातलं तर वाचक मिळतील, असं त्यांनी समजावलं. मला ते जमणारं नव्हतं; खरा राजा घेतला की त्याला कुठं हरवायचं हे माझ्या हातात राहणार नव्हतं. ते हसले आणि पुस्तक ठेवून घेतलं. ते निघालं, हळूहळू विकलं गेलं. दुसरं निघालं तोवर कॉलेजातली मुलं दुकानात येऊन पुढचा भाग कधी, असं विचारू लागली. नवऱ्याला आधी वाटायचं ती पंखे बघायला आलीत.

घरात माझी सगळ्यात पक्की वाचक म्हणजे सासूबाई. त्या स्वतः वाचत नाहीत, ऐकतात. संध्याकाळी भाजी निवडताना मी वाचून दाखवायची आणि त्या मधेच हात थांबवायच्या. दुसऱ्या भागात मी म्हातारा सेनापती मारला, तेव्हा आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

तिसऱ्या भागावर मालिका संपवायची होती. शेवटी वेढा पडतो, राणीचा किल्ला टिकतो, शत्रू परत जातो. पण ती लढाई कागदावर उभी राहीना. हल्ला अरुंद बांधावरून होतो असं मी लिहिलं होतं, आणि एकामागे एक चालणारी माणसं खरोखर किती अडखळतात, ते मला दिसत नव्हतं.

तेव्हा धान कापणी संपत आली होती. बांध्या, म्हणजे आमच्याकडची धानाची छोटी छोटी वाफ्यासारखी शेतं, कोरड्या पडल्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर मी कापणीच्या बायकांना विचारलं, एक लढाई करून दाखवता का? आधी त्या हसून लोळल्या. मग त्यांची म्होरकी, जी कापणीत सगळ्यांच्या पुढं असते, ती उठली आणि पदर खोचत म्हणाली की आमची बाजू मोठी पाहिजे.

खळ्यावरचा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग झाला किल्ला. टोपल्या झाल्या ढाली. म्होरकी आणि तिच्या बाजूच्या झाल्या शत्रू, उरलेल्या राणीचं सैन्य. पाठीला हात लागला की माणूस मेलं, असं ठरलं. राणी कोण, हे मी ठरवायच्या आत चहाचा डबा घेऊन आलेल्या सासूबाई ढिगावर चढून बसल्या. मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं: शत्रूनं बांधावरून यायचं, अडायचं आणि हरायचं.

म्होरकीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आमी काऊन हारू? तुया पुस्तकात हारत असन शत्रू, बांधीत नाई हारत."

आणि त्या हरल्याच नाहीत. चार-पाच जणी बांधावर टोपल्या वाजवत गोंगाट करत राहिल्या, आणि बाकीच्या कोरड्या पाटातून वाकून खळ्याच्या मागे निघाल्या. राणीचं सैन्य पुढं बघत होतं. बघता बघता सगळ्यांच्या पाठीला हात लागले आणि सासूबाई कैद झाल्या. मी ओरडत होते की असं नव्हतं ठरलं, पण ऐकायला कोण होतं? हसून हसून माझंच पोट दुखायला लागलं होतं.

म्होरकीनं राणीला खाली उतरायला सांगितलं. सासूबाई उतरल्या नाहीत. तणसात आणखी रुतून बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "किल्ला घ्या ना. पण चहाचा डबा माया जवळ हाय. मी देईन तवाच भेटंन."

जिंकलेली फौज एकमेकींकडे बघायला लागली. मग म्होरकी राणीच्या शेजारी तणसात बसली आणि वाटाघाटी सुरू झाल्या. चहा झाला, पण राणीच्या हातून आणि राणीच्या मर्जीनं.

घरी आल्यावर मी तिसऱ्या भागाचा शेवट खोडला. किल्ला पडला. राणी कैद झाली, पण कोठाराची गुपितं तिच्याकडेच राहिली, आणि जिंकलेल्या फौजेला रोजचं जेवण तिच्याकडून मागावं लागलं. प्रकाशक म्हणाले, मालिका तर संपणार होती. मी म्हटलं, आता नाही संपत. त्यातून आणखी तीन भाग झाले. कैदेतल्या राणीचा चौथा भाग माझ्या पुस्तकांत सगळ्यात जास्त वाचला गेला. सासूबाईंना तो वाचून दाखवला तेव्हा शेवटपर्यंत त्यांनी भाजीला हातही लावला नाही. मग एवढंच विचारलं, राणीनं इतके दिवस सगळ्यांना खाऊ घातलं ते ठीक, पण तिला एकदा तरी कोणी आयतं जेवायला वाढलं का? मी पाचव्या भागात वाढलं.

आता सातव्या भागात डोंगरातली मोहीम आहे. चढाई अंगात भिनावी म्हणून गेल्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर आमच्याच गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडावर गेले होते. खाली उतरताना एका मुलीनं मला ओळखलं. मैत्रिणींना पुढं पाठवून ती माझ्याशेजारी दगडावर बसली आणि सरळ भांडायलाच लागली. सहाव्या भागात फितूर झालेल्या सरदाराला मी माफ कसं केलं? त्याला फाशी व्हायला हवी होती. मी माझी बाजू मांडली, तिनं एकेक मुद्दा खोडून काढला. नवरा कंटाळून भजी खायला गेला आणि खाऊन परतही आला, तरी आमचं चालूच होतं. शेवटी मी म्हटलं, सरदार जगणार, माझ्याकडून त्याला मारणं होणार नाही.

"मंग मीच लिहून टाकीन," ती म्हणाली.

लिही, म्हटलं. तिनं तिथंच विचारलं की सुरुवात कुठून करायची, आणि निघायला उठलेला नवरा पुन्हा खाली बसला.