साठ जणींचा करार

चार दिवस घोंघावणारा पूर्वेचा वारा सोमवारी पडला. पहाटे धुकं उतरलं आणि मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा भोंगा झाला. म्हणजे पोर्तुगालातल्या आमच्या ओल्यांव गावच्या धक्क्यावर होड्या लागल्या. फेलिज्मिना एप्रन बांधतच पळाली, मागोमाग धाकटी बहीण कुश्तोदिया. उजाडेस्तोवर दोघी एकाच टेबलाशी तारल्यांची मुंडकी छाटून डबे भरत होत्या.

आमच्या कामाची रीतच तशी. भोंगा झाला तर काम, आणि झाल्या तासांची मजुरी. वारा सुटला की चूल थंड. फेलिज्मिनाने बावीस वर्षं हेच काढलं. नवरा समुद्रात बुडाला, तरी चौथ्या दिवशी बाई टेबलावर हजर. म्हणून युनियनसाठी पुढारीण निवडताना आम्ही एकशेवीस जणींनी तिलाच पुढे केलं. मागणी एकच : मासळी येवो न येवो, आठवड्याचा पगार हातात पडला पाहिजे.

त्याच आठवड्यात संप पुकारला. तिसऱ्या आठवड्यात मालक वाकला, पण अर्धाच. "देतो. साठ जणींना. बाकीच्यांना कामच नाही. रिकाम्या बायका पोसायला मी काय धर्मशाळा उघडलीय?"

यादी नोकरीच्या वर्षांवरून लागली. कुश्तोदिया मधे सहा वर्षं नवऱ्यापाशी फ्रान्सला होती, ती वर्षं धरली नाहीत. तिचा नंबर बासष्टावा.

"ताई, दोन नावांसाठी भांड की गं," ती म्हणाली.

"भांडले. मालक साठाच्या म्होरं सरकंना. तुला घ्यायची तर कुणाचं नाव खोडू, सांग?"

"घरात मी एकटी कमावती हाय."

"हितं कोण दुकटी हाय गं?"

करारावर मतं घेतली तेव्हा यादीतल्या सगळ्यांचे हात वर गेले, शिवाय संपातल्या भुकेला कंटाळलेल्या बाहेरच्या चौघींचे. मी अठ्ठावन्नावी. माझाही हात वर होता, लपवत नाही. फेलिज्मिनाने सही केली.

शुक्रवारी भोंगा झाला आणि कुश्तोदिया झोपेतनं उठून धावत आली. अंगात मुरलेली सवय ती. फाटकावर रखवालदाराने अडवलं. "नाव नाही, बाई."

"आत माझी भन हाय, तिला इचार!"

सुऱ्या थांबल्या. फेलिज्मिना बाहेर गेली.

"घरी जा, कुश्तो."

"एप्रन बांधून आलेय मी."

"दिसतंय मला. माझ्या पगारातला अर्धा तुझा. दर आठवड्याला."

"तुझी भीक नको मला. काम दे."

कुश्तोदिया धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत फेलिज्मिना फाटकाची सळई धरून उभी होती. परत आली तेव्हा कुणी तिच्याकडे बघितलं नाही. तिने बादलीभर खारं पाणी फरशीवर ओतलं आणि खराट्याने खवले मोरीकडे लोटू लागली.