कळलं तरच सुतक

आमची आजी ब्याण्णव वर्षं जगली आणि त्यातली शेवटची अकरा तिने माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. चूक माझीच.

बाई तशी खमकी. लग्न होऊन कोकणातून डोंबिवलीत आली, आजोबा लवकर गेले, तर शिवणकाम करून तिने तीन पोरं वाढवली. भाजीवाल्याने एक टोमॅटो नासका घातला तरी अख्ख्या मानपाडा रोडला कळायचं. माझ्यापुढे मात्र विरघळायची. "ही पोर खोटं बोलायची नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

एक्याऐंशी पुरी झाली म्हणून आम्ही तिचं सहस्रचंद्रदर्शन ठरवलं. हॉल, गुरुजी, ओवाळायला कणकेचे एक्याऐंशी दिवे, सगळं रविवारचं पक्कं. आणि गुरुवारी सकाळी तिची धाकटी बहीण, माझी मावशीआजी, कोपरला तिच्या घरी वारली.

काका, म्हणजे आजीचा थोरला, म्हणाला, "सुतक कळल्यापासून लागतं. आईला कळलंच नाही तर प्रश्न येतोच कुठे?" आणि आम्ही शिकलीसवरलेली माणसं, सगळ्यांनी माना डोलावल्या! आजीला थोपवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तरी नाही म्हणायचं ना! पण मला नवी पैठणी नेसून मिरवायचं होतं. खरं सांगते, एवढंच होतं.

"मावशीआजीला ताप आहे गं. घसा बसलाय, फोनवर बोलता येत नाही."

"सुंठ उगाळून घे म्हणावं," आजी म्हणाली.

रविवारी एवढं ओवाळून झालं, पण पहिला घास घ्यायच्या आधी तिने मला हाक मारली. "तिचा डबा भर. पुरणपोळ्या तीन घाल, तूप वेगळं दे." मी भरला. सगळ्यांदेखत भरला, आणि बाहेर जाऊन हॉलच्या वॉचमनला दिला.

सोमवारी सांगितलं. ती उठून डोक्यावरून अंघोळ करून आली. "कधी?"

"गुरुवारी."

"रिक्षाने पंधरा मिनिटं गं," ती म्हणाली. "तोंड तरी बघितलं असतं."

मी पाय धरले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पुढेही लाड केले, पण मी दूध तापवलं म्हटलं की उठून पातेल्याला हात लावून बघायची. ऑफिसला सुट्टी आहे म्हटलं की आईला विचारायची. मला राग यायचा. कुठल्या तोंडाने यायचा, देव जाणे.

गेल्या वर्षी ठाण्याच्या हॉस्पिटलात होती. डॉक्टरांनी दुपारी सगळ्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. काका नाशिकहून गाडीने निघालेला. तिने विचारलं, "थोरला कुठाय?"

"भिवंडीपर्यंत आलाय आजी. ट्रॅफिक आहे, अर्ध्या तासात पोचेल."

"फोन लाव."

लावला. लागेना. चार वेळा लावला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"तो गेला ना गं? आज तरी खरं सांग."

"अगं नाही! देवाशपथ, तुझी शपथ, येतोय तो!"

तिने मान फिरवली आणि हलक्या आवाजात रडायला लागली, लेक गेल्यावर आई रडते तशी. मी शपथांवर शपथा घेत होते. त्यातच तिचा श्वास थांबला.

वीस मिनिटांनी काका धावत आत आला आणि म्हणाला, "आई, आलो गं."